बदलीचं ठिकाण

रोहण्याच्या जिनिंगमधला सर्व्हर
एका लोखंडी कपाटात होता.
वर मागच्या सालचं कॅलेंडर,
आत पंख्याच्या पात्यांवर कापसाची लव.
फडक्यानं पुसली, तासाभरात पुन्हा चढली.

काम तसं साधं.
एकेचाळीस केंद्रांची जुनी खाती सोडवून
नव्या सिस्टिमच्या दावणीला बांधायची.
एक माणूस, एक नाव, एक चावी.
कोणाला नुसतं पाहता येईल, कोणाला खोडता,
कोणाचं दावं किती लांब सोडायचं,
ते मी ठरवतो. म्हणजे माझ्या हातातला कागद ठरवतो.

यादी निघाली:
एकच ढोके, तीन स्पेलिंगांत.
टेस्ट, टेस्ट दोन, खरा टेस्ट.
‘साहेब’ नावाचं एक खातं,
ज्याचे साहेब सात वर्षांपूर्वी गेले
आणि ज्याला अजून सगळी दारं उघडत होती.
ते आधी बंद केलं. चहा घेतला.

मग के.भोंगाडे.
केजाजी भोंगाडे, वजनकाटा.
हजेरीपटात दोन वर्षांपूर्वीची लाल रेघ, समोर ‘मयत’,
आणि सिस्टिममध्ये शेवटचा प्रवेश
आज, सकाळी सहा वाजून बारा मिनिटं.

काट्याच्या खोलीत एक बाई
एका बोटानं ट्रॅक्टरचं रिकामं वजन टाकत होती.
हे खातं कोणाचं?
“त्याइचंच होय,” मान न वळवता म्हणाली,
“मी बसतो नं आता. मले येगळं देल्लंच नाही कोनी.”
आणि पासवर्ड?
“थो सेवाग्रामच्या दवाखान्यात सांगतला त्याइनं.
मले सांगतला. तुमाले नाही.”

दोन हंगाम. चौदा हजारांवर काटापावत्या.
प्रत्येकीच्या तळाशी केजाजीचं नाव,
आणि एका किलोची चूक मला सापडली नाही.
शोधली मी. खोटं कशाला सांगू.

खातं बंद करायचं तर कारण निवडा.
राजीनामा. निवृत्ती. बडतर्फ. बदली.
पाचवी ओळ नाही.
नागपूरला फोन लावला, तिकडून हसले,
म्हणाले, मरण पुढच्या आवृत्तीत येईल,
तोवर काहीतरी टाक.

बदली टाकलं.
लगेच लाल चौकट: ठिकाण भरा.
“काहून थांबले?”
मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.
तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं, पदर नीट केला.
“पुलगाव लिवा.
अकरा वर्सं अर्ज देला त्याइनं पुलगावचा.
रात्री गाडीचा आवाज आला का झोप लागते म्हने.”

लिहिलं. जतन केलं.
अकरा वर्षं जे झालं नाही
त्याला चार सेकंद लागले.

मग तिचं.
पंचफुला केजाजी भोंगाडे.
पी.भोंगाडे, एका अक्षराचा फरक.
रोजंदारीला कर्मचारी क्रमांक नसतो,
म्हणून प्रकार: हंगामी,
मुदत: एकतीस मार्च, त्या रात्री आपोआप बंद.
तारखेच्या रकान्यापाशी
स्क्रीन मी वळवली नाही.

नवा पासवर्ड टाका, म्हणालो,
आणि रिवाजाप्रमाणे खिडकीबाहेर पाहिलं.
सरकीच्या ढिगावर एक बकरी चढली होती,
कोणी हाकलत नव्हतं.
मागे एका बोटाचे ठोके.
बराच वेळ. मोठं असावं काहीतरी.
मग एंटर.
“झालं,” ती म्हणाली, “आता पाहा इकडं.”

दुसऱ्या दिवशी आर्वीच्या बसमध्ये होतो,
पुलगाव केंद्रातून फोन आला.
सिस्टिमनं रात्रीच मेल टाकला होता:
बदलीवर कर्मचारी येत आहेत, व्यवस्था करावी.
“भाऊ, टेबल पुसून ठेवला,
खुर्ची जरा डुगडुगते, तिले पाचर मारतो.
पन हे भोंगाडे
येते कवा?”