चौथा दिवस : प्राग

पद्मण्णा आडमुठे, हळदीचे अडते,
यंदा बत्तीस माणसं युरोपला नेणार होते.
समडोळीची, नांद्र्याची, दोघं कवठेपिरानचे.
पत्रक आलं माझ्याकडे : मुजावर डीटीपी, खणभाग.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स.

"चौथा दिवस जरा ठसठशीत करा, शिरीनताई.
गाव बघण्यासारखं हाय म्हंत्यात."

मी प्राग टाइप केलं.
कॉम्प्युटरनं परस्पर त्याचं पराग केलं.
पराग आमच्या गल्लीत राहतो,
त्याला बघायला पासपोर्ट कशाला.

१. घड्याळ. ताशी एकदा खिडक्या उघडतात,
बारा संत ओळीनं डोकावून जातात,
शेजारी उभा हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो.
मिनिटभराचा खेळ.
जागा धरायला अर्धा तास आधी जाणे.
पाकीट पुढच्या खिशात. (हे ठळक.)

२. किल्ला. चढ आहे. गुडघेवाल्यांसाठी ट्राम.

३. दगडी पूल. कठड्यांवर तीस पुतळे.
एका पुतळ्याखाली पितळी कुत्रा आहे,
नशिबासाठी हात लावून लावून
लोकांनी तो पार उजळवून टाकलाय.
आमच्या आयर्विन पुलावर पुतळे नाहीत.
निर्माल्याची पिशवी घेऊन थांबलेली एखादी स्कूटर असते,
आणि मागून हॉर्न.

४. काचसामान खरेदी, दीड तास.

खाली बारीक अक्षरात :
कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य.
जेवण रोज सूर्यास्ताच्या आत.

दुसऱ्या दिवशी पद्मण्णांचा फोन.
"थांबा, छापू नका. जूनमध्ये तिथं
सूर्य मावळतोय सव्वानवाला."
मागून चंपाक्कांचा आवाज :
"मग तो आपल्यातलाच म्हणायचा की हो.
सगळ्यांची जेवणं हुईपर्यंत थांबतोय."

मंडळी गेली. मंडळी आली.
पद्मण्णा चॉकलेटचा डबा घेऊन दुकानात,
फोनमध्ये नऊशे फोटो.
घड्याळाचे सगळे हललेले,
सापळ्याच्या जागी कुणाची तरी टोपी.

"पण हे बगा."
नदीकाठच्या भिंतीत एक दगडी डोकं.
टक्कल, दाढी, नाकाचा टवका उडालेला.

"पुलावर सगळी कुत्र्यापाशी रांगेत,
मी गाइड पोरीला हातानं खुणा करून इचारलं,
हितं पाणी किती फुटावर येतंय?
तिला आधी कळंना. मग अशी हसली,
छत्री मिटली आणि मला एकट्याला खाली घेऊन गेली.
म्हणाली, ह्यो आमचा जुना मापाचा माणूस.
पाणी दाढीला लागलं की नदी काठ सोडती.
टक्कल बुडालं की चौकात, घड्याळाखाली."

आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका,
हे सांगलीत पोरांना पाढ्यांबरोबर येतं.
त्या ऑगस्टात मी मॉनिटर डोक्यावर घेऊन
माळ्याची शिडी चढले, प्रिंटर खालीच राहिला.
नंतर दुकानाला रंग दिला,
पण कपाटामागे वीतभर भिंत तशीच ठेवली.
तिथं एक मातकट रेघ आहे.
माझ्या खांद्याला लागते.
कुणी बघायला येत नाही, मीही कपाट हलवत नाही.

पद्मण्णांना दाखवली.
त्यांनी चष्मा वर केला, रेघेवर बोट ठेवलं,
आणि हळदीचा भाव सांगावा तसे म्हणाले,
"आमच्या गोदामात हिच्यापेक्षा चार बोटं वर."

पुढच्या सालचं पत्रक काल बसवलं.
जागा नव्हती. काचसामान अर्ध्या तासावर आणलं,
किल्ल्याचा फोटो तिकिटाएवढा केला.

५. दाढीवाला. पुलाजवळ, काठाच्या भिंतीत.
प्रवेश फुकट. नीट वाकून बघावं लागतं.
ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांनी आधी जावं,
बाकीच्यांनी कुत्र्याला हात लावून यावं.

शेवटची ओळ पद्मण्णा काढतील बहुतेक.
प्रूफ अजून परत आलेलं नाही.