पलंगाच्या दोन बाजूंना

आमच्या घरात भांडण होतच नसे.
म्हणजे भांडी आपटत नसत, दारं आदळत नसत,
आवाज चढला तर तो शेडमधल्या टर्कींचा.
थेन आणि आर्डिस सोरेन्सन, माझे आईबाप.
सॅनपीट खोऱ्यातलं सर्वांत समंजस जोडपं, असं वॉर्डातल्या बायका म्हणायच्या
आणि टेकडीवरच्या टेंपलकडे बघायच्या :
तिथे बांधलेली गाठ मरणानंही सुटत नाही.

रात्री साडेनऊला दोघं गुडघे टेकायची,
पलंगाच्या दोन बाजूंना, मध्ये लग्नातली गोधडी.
आज तो मोठ्यानं बोलणार, उद्या ती.
भिंतीपलीकडे मी, नऊ वर्षांची, टक्क जागी.

“स्वर्गातल्या पित्या, आर्डिसला धीर दे.
बिशपचं काम घड्याळ बघून होत नाही, हे तिला उमजू दे.”
आमेन.
दुसऱ्या रात्री :
“स्वर्गातल्या पित्या, थेनला बळ दे.
अख्ख्या वॉर्डाची दुःखं ऐकून दमून येतो बिचारा.
तळघरातला पंप तीन आठवडे बंद आहे,
गव्हाच्या बादल्या पाण्यात उभ्या आहेत,
तेवढंही त्याच्या नजरेला पडू दे.”
आमेन.

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना,
इथे लेकीच्या जागी प्रत्यक्ष देव.
निरोप पोचला की नाही ते समोरच्या आमेनवरून कळे :
लगेच आला तर ठीक,
उशिरा आला तर मी अंधारात आकडे मोजायची.

पण तोच बाप, तिचं डोकं दुखायला लागलं
की किल्ल्यांच्या जुडग्यातली तेलाची इवली कुपी काढायचा,
तिच्या भांगात एक थेंब,
आणि टर्कींच्या खाद्याचा वास असलेले दोन्ही हात
इतके हळू ठेवायचा की केसही दबू नयेत.
ती डोळे मिटायची.
मी एकदा विचारलं, तुझं डोकं दुखलं तर बाबा.
बाबांचं दुखलं तर तू का नाही?
तिनं पीचच्या बरणीचं झाकण घट्ट केलं. आधीच घट्ट होतं ते.

एका नोव्हेंबरात तिला अर्धवट सुटलेलं कॉलेज पुरं करायचं होतं.
त्यानं आपल्या पाळीला आईच्या जागेबद्दल प्रार्थना केली, लांबलचक.
दुसऱ्या रात्री ती म्हणाली,
“स्वर्गातल्या पित्या, आज काही मागणं नाही.”
एवढंच.
मी चाळीसपर्यंत मोजलं. साठपर्यंत. मग झोप लागली.
सकाळी पंप चालू होता.
जानेवारीपासून ती जुन्या पिकअपनं ईफ्रेमला जाऊ लागली
आणि दर सोमवारी कौटुंबिक संध्याकाळीला
बाबा हिरवी जेली करायचे. ती कधी जमली नाही,
आम्ही पोरं पेल्यातून प्यायचो.

परवा त्यांना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले.
ब्रदर ऑकी आले, सोबत जावई, दोघांचे टाय सारखेच.
तेलाचा थेंब, चार हात, अधिकाराचे शब्द.
केळ्याच्या ब्रेडचा एकेक तुकडा खाऊन गेले.
तोवर आई दाराशी त्यांचे कोट धरून उभी.

गाडीचा आवाज विरल्यावर तिनं पडदा ओढला.
मी फटीतून पाहिलं. या वयातही फटीतूनच.
पदवीच्या कागदावर सही करताना थरथरले होते म्हणायची, तेच हात
तिनं त्यांच्या डोक्यावर ठेवले. तेल नाही.
वरच्या कुणाला हाक नाही.
“थेन,” ती म्हणाली,
“मला तुझा राग यायचा.
तुझी वाट बघून बघून यायचा.
आणि आला नाहीस की जेवण परत गरम करायची मी.”

डॉक्टर म्हणाले होते, सगळे शब्द गेलेत,
सवयीचा एखादा उरेल.
बाबांचा चांगला हात वर गेला, तिचं मनगट सापडलं.
“आमेन,” ते म्हणाले. ताबडतोब.

“थांब,” आई म्हणाली,
“माझं अजून संपलं नाही.”