रकाना बारा

आचारसंहिता लागली की काणकोणच्या ठाण्यात
माझ्या टेबलाला बंदुकांचा वास येतो:
खोबरेल, धूर, माळ्यावरची धूळ.
शेतरक्षणाच्या एकनळ्या, ठासणीच्या,
एक कुणाला तरी लग्नात मिळालेली.
प्रत्येकीच्या दस्त्याला मी सुतळीने चिठ्ठी बांधतो
आणि त्यांचे धनी बाहेर
कदंबची वाट बघत उभे राहतात,
हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे.

सोमो वेळीप शेवटच्या दिवशी आला, खोतीगावाहून.
पोत्यात गुंडाळलेली, त्याच्या खांद्याएवढी उंच.
उलगडली तेव्हा जीपचा ड्रायव्हरसुद्धा आत आला.
नळीच्या मुळाशी मुकुट,
खाली कुणा राजाची दोन अक्षरं,
साल एकोणीसशे चार.
"पाखले गेले तेन्ना बापायक मेळ्ळी. न्हंयत."
एवढंच बोलला. परवाना मात्र चोख,
शिक्क्यावर शिक्का, रानडुकरांसाठी.
विचारलं, किती मारलीस?
म्हणाला, मारत नाही. दाखवतो.

फॉर्म नवा, वरून आलेला.
रकाना अकरा: मॅगझिन वेगळे काढून जमा केले काय?
आता हिची पेटी हिच्या पोटातच,
फणसाच्या पावेसारखी लाकडात रुतलेली.
काढायची तर अख्खी बंदूक सोलावी लागेल.
साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, कलमात बघ.
बघितलं.
सूट मिळायला किती जुनी हवी ते तिथे आहे,
किती गंजलेली ते नाही.
सोमोचा भाऊ माजाळीला, नाक्यापलीकडे.
तिकडे ही नेली तर कागद दुसरा, गुन्हा दुसरा.
डुकरं दोन्ही राज्यांत चरतात.

रकाना बारा: भरलेली की रिकामी?
खटका ओढला. अर्ध्यावर अडला.
बॅटरी मारून आत डोकावलो तर
पाच काडतुसांच्या जागी
कुंभारीण माशीने घर बांधलेलं,
पाच खोल्या, दारं लिंपून घेतलेली.
आत काय असतं ते मला ठाऊक आहे,
आमच्या खिडकीच्या चौकटीतही असतात:
एकेक अंडं, आणि त्याच्या उशाशी
नांगी मारून निजवलेल्या अळ्या,
मेलेल्या नव्हेत,
ताज्या राहाव्यात म्हणून जिवंत.

सोमो म्हणाला, तरीच.
औंदा तिला तेल लावायला झालं नाही.
बायको बांबोळीला होती.
ती आता कशी आहे ते मी विचारलं नाही.
मागे रांग होती.

रिकामी लिहावं तर खोटं.
मी लिहिलं, भरलेली.
त्याने खाली सही केली,
एक अक्षर, मग थांबून दुसरं,
जणू ओल्या मातीवर लिहितोय.

मतमोजणी झाली. चावडीवर माळा फुटल्या.
परत देण्याआधी तपासणी असते,
नियमच आहे.
पाचही दारांना गोल भोकं,
आणि शस्त्रं ठेवतो त्या खोलीच्या गजावर
एक काळी, दोऱ्याएवढ्या कमरेची,
पुढच्या पायांनी तोंड पुसत बसलेली.
मी खिडकी थोडी उघडली.
हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.
बंदुकीपुढे लिहिलं, रिकामी.

आता पणजीहून मेमो आलाय.
जमा करतेवेळी भरलेली, तपासणीत रिकामी.
सबब सरकारी ताब्यात असताना
हत्यार कोणी, केव्हा, कोणावर झाडले,
तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

दोन दिवस झाले.
कोरा कागद पेपरवेटखाली फडफडतोय.
बाकी सगळ्या बंदुका गेल्या.
ही एकटीच कोपऱ्यात, चिठ्ठीसकट.
सोमो अजून आलेला नाही.