विसळलेलं आभाळ

एप्रिलची सतरा तारीख. पाषाणचं पटांगण.
सकाळी साडेआठची नोंद.
आभाळ दुधाचं पातेलं विसळलेल्या पाण्यासारखं:
ढग आहे म्हणावं, तर सावली पडते आहे,
नाही म्हणावं, तर सावलीला काठ नाही.

मी वहीत लिहिलं, निरभ्र.

घोटवडेकर बाईंनी चष्मा कपाळावर सारला.
हात लांब करून अंगठा सूर्यावर ठेवला, बोटं फाकली.
करंगळी टेकली तिथून एक फिकट खळं जात होतं.
"बरोबर वीतभर," त्या म्हणाल्या.
"बर्फ आहे तिथे. नऊ-दहा किलोमीटर वर."
त्यांच्या कोपरावरून घाम ओघळत होता.

मी निरभ्र खोडलं.

सूर्यास्तानंतर काचेच्या गोळ्यामागची पट्टी काढली.
कालची आरपार जळालेली, काळीभोर.
आजची सकाळभर नुसती तपकिरी,
इस्त्री विसरली की रुमालावर उमटतो तसा डाग,
अकराच्या सुमारास तुटलेली,
मग पुन्हा धीर करून जळालेली.
एवढंच घेतलं त्यानं?
दहातला एखादा हिस्सा, फार तर दोन.
बसथांब्यावरच्या कुणाला कळलंही नसेल.
गच्चीवर कुरडया घातलेल्या बाईला कळलं असेल,
संध्याकाळी एक मोडून बघताना
मोडली नाही, वाकली, तेव्हा.

मला वाटलं, दिवसा सूट मिळाली,
रात्र गार जाईल.
सुतारवाडीतल्या खोलीत अकरा वाजता भिंतीला पाठ टेकली
आणि उठून बसलो.
फरशीवर दोन तांबे पाणी ओतलं, तेही कोमट झालं.
बाहेर चांदण्या मोजक्याच, पुसट.
जमीन दिवसभराची ऊब वर सोडत होती
आणि तो पातळ पदर
त्यातली थोडी अडवून
पुन्हा आमच्याच पदरात घालत होता.
उजेड येताना त्यानं फारसं विचारलं नव्हतं.
ऊब निघाली, तेव्हा दारात उभा.

सकाळी किमान तापमान
कालच्यापेक्षा अडीच अंशांनी वर.
"बाई, मग हा ढग गार करतो की गरम?"
त्यांनी थर्मामीटर कलता केला,
आतली काडी जागेवर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.
"काल दुपारी विचारलं असतंस, तर एक सांगितलं असतं.
आता विचारतोस. अंगात काय वाटतंय तुझ्या?"
मग वही पुढे केली. "आज किती अष्टमांश?"

मी हात लांब केला, अंगठ्यानं सूर्य झाकला.
करंगळी
कोऱ्या निळ्यावर टेकली.