हद्दीवरच्या अकरा काड्या

चिरे येऊन पडले होते, दोनशे चाळीस.
गवंडी मंगळवारी येणार होता.
रविवारी लुर्दीन आली, स्विंडनहून,
ओल्या पायमोज्यात गुंडाळून
अकरा काड्या घेऊन.

नाव लांबलचक सांगितलं. मला हनीसकल एवढंच कळलं.
तिथं म्हणे दर दाराला हीच वई,
बर्फातसुद्धा हिरवी.
पान करंगळीच्या नखाहून लहान.

तीस वर्षं मी भूमापन खात्यात होतो.
पेडण्यापासून काणकोणापर्यंत
साखळी ओढत लोकांच्या हद्दी आखल्या.
भावाभावांच्या मधून रेघ नेताना
दुर्बिणीवरचा डोळा हलला नाही.
आणि इथं, दिवाडीला, माझ्याच परसात
हातभर जमिनीचा निकाल लागेना:
फणस तिचा, मुळं माझ्या विहिरीत.

काड्या दोघांनी मिळून लावल्या.
दीड वितीचं अंतर, मी टेप काढली.
"हांगाय मेजता?" ती हसली.
खाली कुजलेलं शेण, बांगड्यांची डोकी,
वर चुडतांची सावली.
मग ती गेली
गोदामातल्या रात्रपाळीला.

एप्रिलात चार मेल्या.
मे महिन्यात तीन.
घामट हवा त्यांना कुणी शिकवलीच नव्हती.
फेरीबोटीचा भोंगा झाला की
मी कळशी घेऊन उभा.
बायको म्हणे, जावयाचंसुद्धा
एवढं केलं नाहीत.

उरल्या त्या चार वाढल्या,
उभ्या नाही, आडव्या,
झिपऱ्या सोडून, दोन्हीकडे.
लुर्दीन फोनवर ओरडली:
काप! दया करू नको.
कापलीस तरच दाट होते.

अबोलीची कात्री लावली.
पहिल्या दिवशी नुसती टोकं घेतली,
आणि उगाच आत येऊन बसलो.

तीन पावसाळे झाले. वई गुडघ्याएवढी,
मध्ये सात खिंडारं.
एकातून तिचं मांजर जेवायला येतं.
एकातून नातू पलीकडे जातो,
तिच्या बंद घराच्या बल्कांवात
पाय हलवत बसतो.
चिऱ्यांच्या राशीला शेवाळ आलं,
तिथं कोंबडी अंडी घालते.
कुणाच्या बाजूला, मोजलेलं नाही.

फूल एकदाच आलं, सायीच्या रंगाचं.
वासासाठी गुडघे टेकावे लागले.
जांभळी फळंही धरतात, ती सांगते,
पण त्याला थंडी लागते.

या नाताळाला येते म्हणाली.
पायमोजा धुऊन ठेवला आहे.
राखाडी, लोकरीचा,
एकच.