हॅव गिळायचा असतो

धनकवडीत, शेवटच्या बसस्टॉपच्या मागे,
पिठाच्या गिरणीवरचा दुसरा मजला.
मंगळवार, शुक्रवार, साडेसात ते नऊ.
खाली कुणाची तरी ज्वारी दळत असते
आणि वर मी सांगत असते
की बोलताना इंग्रज माणूस कुड हॅव म्हणत नाही,
कुडव् म्हणतो.
हॅव गिळायचा असतो.

म्हणजे बघा,
जे होऊ शकलं असतं आणि झालं नाही
ते सगळं एका व मध्ये,
तोही पाय मोडलेला.
दाताला ओठ लागला न लागला की पुढचा शब्द.
चहा ढवळता ढवळता
आयुष्य हुकल्याचं सांगून मोकळी होतात ती माणसं.

आपलं असं भागत नाही.
आपलं असतं वाक्याच्या पार टोकाला उभं,
सगळं वाक्य अंगावरून गेल्याशिवाय
कळतच नाही, झालं की झालं असतं.
शिवाय त्याला लिंग लागतं.
मुलगा झाला असता, नोकरी लागली असती, घर झालं असतं.
जे आलंच नाही त्याचंही
तो की ती की ते
आपण आधी ठरवून ठेवतो,
बारशाची तयारी केल्यासारखं.

हे मी वर्गात बोलत नाही.
वर्गात मी फळा पुसते आणि म्हणते, चला, एकेक वाक्य.

समीना बागवान, नर्सिंगच्या मुलाखतीची तयारी,
म्हणाली, मी आधीची बस पकडायला हवी होती.
शुडव् तिनं इतका सफाईनं गिळला
की मागच्या बाकावरून टाळी आली.
प्रणील कुदळेनं बाईक वेळेत विकली असती
तर त्याला आठ हजार जास्त मिळाले असते.
वुडव्. छान. बस.

मग बोत्रे उठले.
एकसष्ट वर्षांचे, त्यातली तेहतीस भोसरीत लेथवर.
मुलगी लीड्सला, जावई तिकडचाच,
फोनवर त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलता यावं
एवढ्यासाठी क्लास.
वहीत बोट ठेवून म्हणाले,
ही. माइट. हॅव. लिव्ह्ड.

मी म्हटलं, माइटव्, बोत्रे. हॅव गिळायचा.
हो बाई, म्हणाले,
आणि परत अख्खा हॅव, कानामात्रेसकट.
खाली गिरणी थांबली. दळण संपलं असावं.
(हे असावं म्हणजे मस्टव्,
पण ते सांगायची ही वेळ नव्हती.)
तिसऱ्यांदा प्रयत्न केला त्यांनी. मग वही मिटली.
बाई, नाही जात घशाखाली.

हा ही कोण, मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं, जिन्यात, चपला शोधताना, मराठीत.
धाकटा भाऊ. खंबाटकी घाट.
मी त्याला म्हटलं होतं, रात्रीचा निघू नको.
मग थोडं थांबून,
म्हटलं नव्हतं.
म्हणायला हवं होतं.
तेहतीस वर्षं शंभरावा भाग मोजणारा माणूस,
एका क्रियापदात केवढा फरक पडतो
हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी नीडन्ट हॅव आहे.
गरज नसताना केलेल्या गोष्टीचं रूप.
पुस्तकात छत्रीचं उदाहरण आहे,
छत्री आणली, पाऊस आलाच नाही.
माझ्याकडे एक आहे, नळस्टॉपचं,
शहाण्णव सालचं, साडेपाच ते पावणेआठ.
थांबायची गरज नव्हती. थांबले.
इंग्रजीत एका वाक्यात होतं हे.
मला दोन लागतात,
आणि मधला पूर्णविराम अजून
त्या स्टॉपवर पिशवी घेऊन उभा आहे.

वर्गात छत्रीचंच देईन.
उच्चाराच्या रकान्यात बोत्रेंपुढे
मी काही लिहिलेलं नाही.
आले शुक्रवारी, तर बघू.