वजनं

गास्तों चाळीस वर्षं एपिनालमध्ये खाटीक होता.
आज लेक येणार. मायेल मांस खात नाही.
म्हणून कीश, भाज्यांचा.

तो लीक चिरतो. सुरी सवयीनं
हाड शोधते, थेट पाटावर आपटते.

लोण्यात मळलेला मैदा साच्यात बसवला.
भट्टीत फुगू नये म्हणून
कागदावर काहीतरी जड हवं;
घरात राजमा नाही, वाटाणे नाहीत.
मग फडताळातून निघाली
दुकानातल्या तराजूची पितळी वजनं.
धुतली, पुसली, मांडली.

मायेल आली तेव्हा
तो कागद उचलत होता.
कोवळ्या तांबूस पोळीत गोल खळगे.
सगळ्यात मोठ्यात तिनं बोट टेकवलं,
चटका बसला तरी:
‘अर्धा किलो.’

त्यानं अंडी-साय ओतली.
आधी खळगे भरले.